नायट्रो गाडीचं इंजिन आणि खान्देशातली धूळ: एअर फिल्टर कोणता?

गिरणाकाठ, जळगाव

राम राम मंडळी. नायट्रो, म्हणजे मिथेनॉल-नायट्रोमिथेनच्या इंधनावर चालणाऱ्या रिमोटच्या गाड्यांवर इथे बरंच लिहून झालंय, पण एअर फिल्टरवर धड धागा एकही नाही. विषय निघतो, दोन ओळी होतात, आणि चर्चा घसरते नीडलवर, म्हणजे इंधनाचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूवर. म्हणून हा वेगळा धागा.

आधी हद्द आखून घेऊ. गाडी १/८, म्हणजे खऱ्याच्या आठव्या हिश्श्याची, बगी किंवा ट्रगी (बगी आणि ट्रकच्या मधली). इंजिन ०.२१ घनइंच, म्हणजे साधारण ३.५ सीसीचं टू-स्ट्रोक ग्लो (ठिणगीऐवजी ग्लो प्लगच्या तापलेल्या तारेने पेटणारं). १/१० मधलं छोटं इंजिन असलं तरी तत्त्व तेच. मैदान आपलं नेहमीचं: पीक निघालेलं वावर, गावाबाहेरचं माळरान, नाहीतर नदीचं कोरडं पात्र.

एक हिशेब करून बघा. ३.५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला एकदा हवा ओढतं. मिनिटाला ३०,००० फेरे धरले तर कागदावर १०५ लिटर हवा होते. सिलिंडर दरवेळी पूर्ण भरत नाही आणि थ्रॉटलही सतत पूर्ण उघडा नसतो, म्हणून निम्मी धरा. तरी १२५ सीसीची एक टाकी आठ मिनिटं चालली तर ४०० लिटर हवा आत गेली. दोनशे लिटरचे दोन ड्रम. आणि ही सगळी हवा जमिनीपासून वीतभर उंचीवरची, चाकांनी उडवलेल्या धुळीतली.

बाजारात मुख्यतः चार प्रकार दिसतात. धातूच्या जाळीचा, एक थराचा फोम, दोन थरांचा फोम (बाहेर जाड छिद्रांचा, आत बारीक छिद्रांचा), आणि घड्या घातलेल्या कागदाचा. माझं मत दोन थरांच्या फोमला आहे, पण कारणांसकट वाद झालेला बरा. बोला.

सातपुडा_२१, चोपडा

जाळीवाला यादीतून आत्ताच काढा. तो शोभेचा. डांबरी रस्त्यावर किंवा गालिच्यावर चालणाऱ्या गाडीला चालतो, वावरात त्यातून खडेच काय ते अडतात.

फोमबद्दल एक गैरसमज आहे तो आधी मोडूया. लोकांना वाटतं फोम म्हणजे चाळणी, भोकं जितकी बारीक तितकी धूळ अडणार. आकडे बघा. फोमचं माप पीपीआयमध्ये देतात, म्हणजे एका इंचात किती छिद्रं. ३० पीपीआयचं छिद्र साधारण ०.८ मिलिमीटर, ६० पीपीआयचं ०.४ मिलिमीटर, म्हणजे ४०० मायक्रॉन. इंजिन खाणारी धूळ पाच ते वीस मायक्रॉनची. चाळणी म्हणून बघाल तर फोममधून ती लग्नाच्या वरातीसारखी वाजतगाजत आत जाईल.

फोम धूळ अडवतो ती तेलामुळे. हवा वळणं घेत आत जाते, कण जड असल्याने वळत नाही, फोमच्या तंतूवर आपटतो आणि चिकट तेलात अडकतो. तेल नसलेला फोम म्हणजे फिल्टरच नाही, नुसता स्पंज. कोणत्या कंपनीचा घ्यावा हा प्रश्न त्यानंतरचा.

दोन थर का, तेही यातच आलं. बाहेरचा जाड थर मोठा माल अडवतो आणि बराच वेळ तुंबत नाही. आतला बारीक थर निसटलेलं पकडतो. एकाच बारीक थरावर सगळं टाकलं तर टाकी-दीड टाकीत तुंबतो.

कागदी_वाघ, चाळीसगाव

मग कागदी का नको? मोटारीला, ट्रॅक्टरला कागदीच असतो. कागद खरोखरच गाळतो, तेलाच्या भरवशावर बसत नाही.

सातपुडा_२१, चोपडा

ट्रॅक्टरच्या कागदी फिल्टरचं क्षेत्रफळ बघा आणि तुमच्या मुठीएवढ्या फिल्टरचं बघा. शिवाय अनेक ट्रॅक्टरना आधी सायक्लोन किंवा तेलाचं भांडं असतं, जड माल तिथेच पडतो. कागदापर्यंत उरलेलंच जातं.

आपल्या इंजिनात दुसरी अडचण आहे, ती जास्त मोठी. कमी वेगाला टू-स्ट्रोक कार्बच्या (कार्ब्युरेटरच्या) तोंडातून थोडं इंधन मागे थुंकतो. त्यात मिथेनॉल असतं आणि तेलही असतं. कागद त्या तेलाने भिजला की त्याची छिद्रं बुजतात, वरून धूळ बसली की पापडासारखा थर होतो. फोम भिजला तरी श्वास घेत राहतो. पावसाळ्यात डबक्यातून गाडी गेली तर कागद लोळागोळा. म्हणून कागदी नको. कागद वाईट आहे असं नव्हे, ही जागा त्याची नाही.

बॅटरीबहाद्दर, भुसावळ

बॅटरीवरची ब्रशलेस मोटर घ्या, फिल्टरचं लफडंच नाही 😄

गिरणाकाठ, जळगाव

बरोबर आहे भाऊ. पण धाग्याचं नाव वाचा.

वर्तुळपट्टी, अमळनेर

फिल्टर कोणता यापेक्षा तो बसतो कसा यावर मी जास्त वेळ घालवीन. उघडून बघितलेल्या इंजिनांमध्ये धूळ फोममधून कमी आणि फोमच्या बाजूने जास्त गेलेली दिसते. रस्ते सांगतो.

पहिला, कार्बची मान आणि फिल्टरची रबरी नळी यांचा सांधा. फिल्टर घेण्याआधी मानेचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजा. १/१० च्या छोट्या इंजिनाची मान वेगळी, ०.२१ ची वेगळी, आणि सगळ्यांचं सगळ्यांना बसत नाही. रबराचा आतला व्यास मानेपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर कमी हवा, म्हणजे ताणून बसेल. सैल रबर केबल टायने आवळलं की त्याला चुणी पडते. त्या चुणीतून हवा शिरते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

बसवायची पद्धत: मान आणि रबराची आतली बाजू मिथेनॉलने किंवा आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून कोरडी करा. मानेभोवती सिलिकॉनचा एक-दोन मिलिमीटर जाड कडा फिरवा, रबर सरळ दाबून बसवा, मग केबल टाय. टाय घट्ट करताना त्याचं डोकं बाजूला ठेवा, कारण डोक्याखाली थोडी फट राहते आणि चाकाची धूळ मागून येते. आतल्या बाजूला आलेला सिलिकॉन बोटाने काढून टाका. नाहीतर त्याचा तुकडा तुटून कार्बमध्ये जाईल, म्हणजे धूळ वाचवायला गेलो आणि रबर खाऊ घातलं. चोवीस तास हात लावायचा नाही.

सिलिकॉन गॅस्केटसाठीचा घ्या. आंघोळीच्या खोलीत लावतात तो आंबट वासाचा नको, त्यातून निघणारं आम्ल धातूला गंज आणतं.

दुसरा रस्ता, फोम आणि प्लॅस्टिकच्या टोपीचा सांधा. काही फिल्टरांत फोम नुसता अडकवलेला असतो, काहींत चिकटवलेला. चिकटवलेला सुटला की बाहेरून सगळं छान दिसतं आणि आत चंद्रकोरीएवढी फट असते. फोम दोन बोटांनी मागे ओढून टॉर्च मारून बघा. परत चिकटवायला रबरी काँटॅक्ट ॲडहेसिव्ह वापरा. झटपट चिकटणारा गोंद वाळला की काचेसारखा होतो आणि गाडीच्या थरथरीने तडकतो.

तिसरा रस्ता बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. स्लाइड कार्बच्या दांड्यावर एक छोटा रबरी भाता असतो, हार्मोनियमच्या भात्यासारखा. तो फाटला की थ्रॉटलच्या प्रत्येक हालचालीला धूळ थेट आत. फिल्टर सोन्याचा असला तरी काही उपयोग नाही. तो भाता आणि कार्बच्या बुडाशी असलेली ओरिंग, या दोन्ही फिल्टरच्या पलीकडच्या बाजूला आहेत, म्हणून फिल्टरइतक्याच महत्त्वाच्या.

जिनिंगवाला, धरणगाव

एक भर. कापसाच्या हंगामात, दिवाळीपासून पुढे, वावरात आणि जिनिंगच्या आसपास हवेत तंतू असतात. ते तेलकट फोमवर बसले की नमद्यासारखी चादर होते आणि फिल्टर धुळीने भरायच्या आधीच तुंबतो. उपाय स्वस्त आहे: फिल्टरवर पातळ नायलॉनचा मोजा ताणून चढवायचा, बायका घालतात तसा लांब मोजा. तीन इंचाचा तुकडा कापून एका टोकाला गाठ, दुसरं टोक केबल टायच्या खाली. तंतू मोज्यावर अडतात, एका टाकीनंतर मोजा काढून झटकला की झालं. मोज्याला तेल लावायचं नाही.

नंदुरबारकडे मिरचीच्या पथाऱ्यांजवळ गाडी चालवणाऱ्यांनी डोळ्यांना पण फिल्टर लावावा 😄

केळीबाग, रावेर

तेलाबद्दल सविस्तर लिहितो, कारण उन्हाळ्यात इथेच फसगत होते.

सगळ्यात चांगलं म्हणजे मोटारसायकलच्या फोम फिल्टरसाठीच मिळणारं तेल. त्यात पातळ करणारा द्रव असतो, तो उडून गेला की मागे चिकट थर राहतो. रंगीत असतं, त्यामुळे कुठे लागलं आणि कुठे नाही ते दिसतं. ते मिळालं नाही तर ८०-९० गिअर ऑइल. जुन्या मोटारसायकलींच्या फोमला हेच लावायची पद्धत होती. २०-डब्ल्यू-५० इंजिन ऑइल नको. ते चिकटत नाही, नुसतं ओलं राहतं. फवाऱ्याच्या डब्यातलं गंज काढायचं तेल तर अजिबात नको.

प्रमाण: ०.२१ च्या नेहमीच्या आकाराच्या बाहेरच्या फोमला साधारण ४ मिली. इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून घ्या, बाटलीने ओतू नका. फोम झिपलॉक पिशवीत टाका, त्यावर तेल टाका, पिशवी बंद करून पाच मिनिटं कणिक तिंबल्यासारखं दाबा. बाहेर काढल्यावर रंग सगळीकडे सारखा हवा, कुठे पांढुरका डाग दिसला तर तिथे एक थेंब. मग वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून एकदा दाबा. कागदावर पुसट डाग उठला तर बरोबर, ओघळ उठला तर जास्त झालं. नंतर अर्धा-एक तास उघडा ठेवा म्हणजे पातळ करणारा द्रव उडेल. लगेच बसवला तर तोच द्रव इंजिन ओढतं आणि मिश्रण बिघडतं.

आता उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. बंद डिकीत ठेवलेल्या फिल्टरमधलं तेल पातळ होऊन खाली उतरतं. वरचा अर्धा फोम कोरडा, खालच्या अर्ध्यात डबकं. गाडी सुरू केली की डबकं कार्बमध्ये, ग्लो प्लग विझला, आणि वरच्या कोरड्या भागातून धूळ. दोन्हीकडून मार. म्हणून तेल लावलेले फोम डिकीत नाही, सावलीतल्या डब्यात. आणि बसवण्याआधी पिशवीतच परत दोन-चारदा दाबून घ्यायचे.

पिचकारी, एरंडोल

बाहेरच्याला ४ मिली ठीक. आतल्याला किती? काही जण म्हणतात आतला कोरडाच ठेवावा.

सातपुडा_२१, चोपडा

आतला कोरडा. कारण सरळ आहे, तो सामन्यातल्या पंचासारखा वापरायचा. बाहेरचा फोम काढल्यावर आतला स्वच्छ दिसला तर बाहेरच्याने काम केलं. आतल्यावर मातीचा रंग दिसला तर कळलं की बाहेरचा कमी पडला. आतल्याला रंगीत तेल लावलं की हा पुरावाच गेला. शिवाय कार्बला चिकटून असलेल्या फोमचं तेल सगळ्यात आधी आत ओढलं जातं.

केळीबाग, रावेर

पंच नेमून गोल वाचत नाही भो. आतल्यावर माती दिसली तेव्हा तिच्यातली काही पुढे गेलेलीच असते, कारण तुम्हीच वर लिहिलंय की कोरडा फोम म्हणजे स्पंज. कार्ब मागे थुंकतो त्यातलं तेल आतल्या फोमवर बसतं हे मान्य, पण ते इंधनातलं पातळ तेल, आणि सोबतचं मिथेनॉल त्याला पसरवून टाकतं.

आतल्याला दीड मिली, चांगलं पिळून. बोट लावलं तर चिकट वाटलं पाहिजे, ओलं नाही.

वर्तुळपट्टी, अमळनेर

दोघांची सोय होते. आतल्याला हलकं तेल, आणि पंच म्हणून ग्रीस. फिल्टरच्या पुढे, रबरी नळीच्या आतल्या भिंतीवर, बोटाने पांढऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. एक टाकी चालवा. मग फिल्टर काढून पांढऱ्या सुती कापडाने ते ग्रीस पुसा आणि अंगठ्याने चोळा. कचकच लागली तर धूळ फिल्टर ओलांडून आली. ग्रीस कुठल्या बाजूला मळलंय त्यावरून फट कुठे ते पण कळतं: सगळीकडे सारखं मळलं असेल तर फोम किंवा तेल, एकाच बाजूला रेघ असेल तर सांधा.

सातपुडा_२१, चोपडा

हे मान्य. ग्रीसची रेघ माझ्या कोरड्या फोमपेक्षा बरा पंच आहे. दीड नको, एक मिली म्हणा, म्हणजे तडजोड.

केळीबाग, रावेर

एक तर एक 😄

गिरणाकाठ, जळगाव

माती-मातीतला फरकही लिहून ठेवतो. आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यात चिकणमातीचा अंश भरपूर. कण दोन मायक्रॉनच्या खालचे, पिठासारखे. ते स्वतः फार कठीण नसतात, पण फोम लवकर तुंबवतात. एकदा तेलात पुरेसं पीठ मिसळलं की चिखल होतो, आणि चिखलाला नवी धूळ चिकटत नाही. म्हणजे काळ्या मातीत फिल्टर बदलायची वेळ लवकर येते.

नदीच्या पात्रातली वाळू उलटी. ती तुंबवत कमी, कापते जास्त. त्यात गारगोटी असते, तिचा कठीणपणा मोहच्या मोजपट्टीवर ७, ॲल्युमिनियमचा ३ च्या आसपास. तिथे फोम स्वच्छ दिसला म्हणून निर्धास्त राहू नये.

आपल्याकडे एका जिल्ह्याचं नावच धुळे. तक्रार कोणाकडे करायची?

पांझरा_२६, धुळे

आम्ही काय केलं भो आता 😄

कामाचं विचारतो. २६ सीसीच्या पेट्रोल गाडीला, १/५ बगीला, हेच सगळं लागू का?

वर्तुळपट्टी, अमळनेर

बरंचसं. फरक तीन.

पेट्रोल सिलिकॉनला फुगवतं, म्हणून सांध्याला साधा सिलिकॉन नको. त्या इंजिनांत फिल्टरची बैठक स्क्रूने कार्बवर बसते, तिथे गॅस्केट नीट हवं आणि स्क्रूंना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक, कारण ते थरथरीने सुटतात. गॅस्केट फाटलं तर पेट्रोल सहन करणाऱ्या गॅस्केट कागदाचं कापून घ्या.

मागे थुंकलेलं पेट्रोल फोमचं तेल मिथेनॉलपेक्षा लवकर धुतं. आतला थर दर फेरीला बघा.

तिसरं, त्या इंजिनाच्या पिस्टनला रिंग असते. त्यामुळे झीज झाली तरी इंजिन बराच काळ चालतं आणि मालकाला वाटतं फिल्टर छान आहे. नायट्रो इंजिन त्या मानाने प्रामाणिक, लगेच रडतं.

पिचकारी, एरंडोल

लगेच रडतं म्हणजे नेमकं काय होतं? धूळ गेलीय हे इंजिन न उघडता कसं ओळखायचं?

सातपुडा_२१, चोपडा

आधी धुळीचा प्रवास समजून घ्या. टू-स्ट्रोकमध्ये हवा थेट पिस्टनवर जात नाही. कार्बमधून क्रँकच्या पोकळ भागातून क्रँककेसमध्ये, तिथून बाजूच्या पोर्टमधून वर. म्हणजे पहिला मार कॉनरॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या) खालच्या बुशला आणि बेअरिंगला, नंतर पिस्टनला आणि तो ज्यात वरखाली होतो त्या स्लीव्हला.

आपल्या पिस्टनला रिंग नसते. ॲल्युमिनियमचा पिस्टन, क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह, आणि स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती. थंड असताना पिस्टन वर गेला की आवळला जातो, त्यालाच पिंच म्हणतात. सगळं कॉम्प्रेशन त्या काही मायक्रॉनवर उभं. धुळीचा कठीण कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततो आणि मग पिस्टनच कानस होतो, मिनिटाला तीस हजार वेळा स्लीव्हवर घासणारी.

ओळखायच्या खुणा. ग्लो प्लग काढा, इंजिन थंड असताना फ्लायव्हील हाताने फिरवा. वरच्या टोकाला अडखळलं नाही, लोण्यासारखं गेलं, तर पिंच संपली. इंजिन थंड असताना सुरू होतं पण गरम झाल्यावर बंद पडलं की परत लागत नाही, ही त्याच दुखण्याची दुसरी खूण. सायलेन्सर काढून पोर्टमधून टॉर्च मारा: पिस्टनवर उभ्या रेघा दिसतात का? स्लीव्हच्या चकाकत्या भिंतीवर पिवळी रेघ दिसली तर क्रोम जाऊन पितळ उघडं पडलं, आता नवा पिस्टन-स्लीव्ह.

कॉनरॉडसाठी: पिस्टन मधल्या उंचीवर ठेवा, फ्लायव्हील किंचित मागेपुढे करा. पिस्टन हलायच्या आधी फ्लायव्हील मोकळं हललेलं जाणवलं तर बुश गेली. ती तशीच चालवली तर एक दिवस कॉनरॉड तुटतो आणि क्रँककेसला घेऊन जातो.

केळीबाग, रावेर

यात एक सापळा आहे, तो लिहायलाच हवा. फिल्टर हळूहळू तुंबत जातो तसं मिश्रण रिच होतं, कारण हवा अडते आणि कार्बमध्ये ओढ वाढून इंधन जास्त खेचलं जातं. गाडी सुस्त होते, धूर वाढतो. मालक काय करतो? हाय स्पीड नीडल आवळतो. गाडी परत पळते. पुढच्या टाकीला परत थोडी आवळतो. मग घरी जाऊन शहाण्यासारखा स्वच्छ फिल्टर बसवतो आणि पुढच्या वेळी त्याच नीडलवर सुरू करतो. आता हवा भरपूर, इंधन कमी. लीन. दोन मिनिटांत इंजिन भाजतं. आणि मग लोक म्हणतात नव्या फिल्टरने इंजिन खाल्लं.

नियम ठेवा: गाडी सुस्त झाली की आधी फिल्टर बदला, मग नीडलला हात. आणि स्वच्छ फिल्टर बसवल्यावर नीडल एका फेऱ्याचा आठवा हिस्सा उघडून सुरुवात करा, ग्लो प्लगजवळ तापमान बघत आवळत या. १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं म्हणजे ठीक. इन्फ्रारेड तापमापक नसेल तर हेडवर पाण्याचा एक थेंब टाका: दोन-तीन सेकंद चुरचुरून उडाला तर चाललंय, पडताक्षणी नाहीसा झाला तर गाडी थांबवा.

कागदी_वाघ, चाळीसगाव

कागदाचा हट्ट सोडला. धुवायची पद्धत सांगा. आणि फोम घरी कापून करता येतो का?

केळीबाग, रावेर

धुवायचं असं. फिल्टर गाडीवरून काढायच्या आधी आजूबाजूची माती ब्रशने झाडा, नाहीतर काढताना तीच कार्बमध्ये पडते. फिल्टर निघाला की कार्बच्या तोंडात लगेच स्वच्छ कापडाचा बोळा. कागदाचा नको, तो फाटून आत जातो. बोळ्याला लांब शेपूट ठेवा, म्हणजे काढायचा विसरणार नाही.

फोम सुटे करून रॉकेलमध्ये दोन मिनिटं दाबा-सोडा. रॉकेल नसेल तर डिझेल. पेट्रोल नको, आगीचा धोका आणि डिंकही सुटतो. रॉकेलमध्येही रात्रभर भिजत घालू नका, चिकटवलेले सांधे मऊ होतात. मग कोमट पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबण, पाणी निवळ येईपर्यंत दोन-तीनदा. पिळायचा म्हणजे मुठीत दाबायचा, टॉवेलसारखा पीळ द्यायचा नाही, तंतू तुटतात. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. सावलीत वाळवा. इथल्या उन्हात ठेवला तर तासात वाळेल खरा, पण फोम लवकर पिवळा पडून भुगा होऊ लागतो. आत ओल राहिली तर तेल धरत नाही, म्हणून पूर्ण कोरडा झाल्याशिवाय तेल नाही.

फोम दोन बोटांत चुरडून बघा. कण सुटले की तो कचऱ्यात. सहा-आठ धुण्यांनंतर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

वर्तुळपट्टी, अमळनेर

घरी कापता येतो, फोम योग्य असेल तर. मोटारसायकलच्या फोम फिल्टरचा तक्ता घ्या, १२ ते १५ मिलिमीटर जाड. सोफ्याचा किंवा गादीचा फोम चालत नाही: त्याच्या छिद्रांत पडदे असतात, हवा अडते, आणि इंधन लागलं की विरघळल्यासारखा सुटतो. माशांच्या टाकीचा जाड स्पंज बाहेरच्या थराला एखाद वेळ चालेल, आतल्याला कधीच नाही.

कापताना नवं ब्लेड. फोम ओला करून फ्रीझरमध्ये तासभर ठेवला तर कडक होतो आणि धार सरळ जाते. जोड एकच ठेवा, तिरका कापा आणि काँटॅक्ट ॲडहेसिव्हने चिकटवा. कापल्यावर धुतल्याशिवाय बसवू नका, कडेला भुसा असतो.

पिचकारी, एरंडोल

शेवटचा प्रश्न. किती टाक्यांनंतर बदलायचा, आणि किती संच जवळ ठेवायचे?

गिरणाकाठ, जळगाव

काळ्या मातीत उन्हाळ्यात: बाहेरचा फोम दर दोन टाक्यांनी, आतला दर चार-पाच. वाळूत आणि हिवाळ्यात बाहेरचा तीन-चार टाक्या जातो. जमीन ओली असेल तर त्याहून जास्त. पण आकड्यांपेक्षा बोट खरं: फोमवर बोट दाबून उचला. बोटाला तेल लागलं तर अजून जीव आहे. नुसती माती लागली तर तेल संपलं, बदला.

म्हणजे एका दुपारच्या सहा टाक्यांसाठी तीन बाहेरचे, दोन आतले, घरून तेल लावून, वेगवेगळ्या पिशव्यांत. मैदानावर तेल लावत बसू नका, वाऱ्यावर उघडा तेलकट फोम दोन मिनिटांत धूळ धरतो.

धूळ मुळातच कमी करायची असेल तर चालवायच्या दोन-तीन तास आधी ट्रॅकवर हलकं शिंपण करा. ऐनवेळी नको, काळी माती टायरला लाडवासारखी चिकटते. दोन गाड्या असतील तर मागच्याने दहा-बारा मीटर अंतर ठेवावं, पुढच्या गाडीच्या धुळीच्या भिंतीत फिल्टरला एका फेरीत चार फेऱ्यांचं काम पडतं.

पांझरा_२६, धुळे

आणि इंधन भरताना? टाकीच्या झाकणावर बोटभर धूळ असते.

सातपुडा_२१, चोपडा

बरं आठवलं. झाकण उघडायच्या आधी ब्रश मारा, आणि बाटलीच्या नळीचं टोक जमिनीवर टेकवू नका. टाकी आणि कार्बमधल्या नळीत छोटा इंधन फिल्टर असू द्या, खोलून धुता येतो तो. तिथून गेलेला खडा नीडलच्या तोंडाशी अडकतो आणि गाडी अचानक लीन होते, एअर फिल्टर कितीही चांगला असला तरी.

जिनिंगवाला, धरणगाव

मोज्याचं एक राहिलं. दाट विणीचा घेऊ नका, शाळेचा पांढरा मोजा चढवलेली गाडी बघितलीय, ती रिच होऊन जागेवर बसते. मोजा डोळ्यासमोर ताणून धरला तर पलीकडचं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे.